वजन जास्त असलेल्या मुलाला प्रोबायोटिक द्यावं का? आधी त्याच्या आतड्यातल्या जंतूंना जेवायला घाला

इंदूरच्या एका आईनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा ९ वर्षांचा, उंची १३३ सेंटिमीटर, वजन ४१ किलो, कंबर ७२ सेंटिमीटर. पोट दोन-तीन दिवसांनी साफ होतं आणि अधूनमधून बेंबीभोवती दुखतं. मेडिकलवाल्यानं प्रोबायोटिकचे (जिवंत जंतूंचे) सॅशे दिले, इंटरनेटवर प्रीबायोटिक (जंतूंच्या खाण्याची) पावडर दिसली, आणि सासूबाई म्हणतात की घरचं दही पुरे. यातलं काय द्यावं, आणि त्यानं वजन उतरेल का? रोजचं खाणं असं लिहिलंय: सकाळी मोठा ग्लास दूध चॉकलेट पावडर घालून, सोबत बिस्किटं, डब्यात नूडल्स किंवा बटाट्याचा पराठा, संध्याकाळी सेव-परमल (म्हणजे चुरमुरे), रात्री चाळलेल्या पिठाच्या तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, थोडं वरण-भात, आणि झोपताना पुन्हा दूध. रविवारी पोहे-जिलबी.

ताई, आधी सरळ उत्तर देते. सॅशेनं वजन उतरणार नाही. पावडरीनं कदाचित थोडाफार फरक पडेल, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. सासूबाईंचं दही चांगलं आहे, मात्र ते एकटं पुरेसं नाही. या मुलाच्या आतड्यात जंतूंची कमतरता नाही, त्या जंतूंना खायला मिळत नाही. आणि त्याआधी एक काम आहे जे तुमच्या प्रश्नात ओझरतं आलंय पण करायचं पहिल्यांदा आहे, ते म्हणजे बद्धकोष्ठ मोकळं करणं.

आकडे पाहू. ४१ भागिले (१.३३ गुणिले १.३३) म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २३.२. मोठ्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे वाचायचा असतो. आपल्याकडे ५ ते १८ वर्षांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते वापरतात. त्यात दोन रेषा महत्त्वाच्या: मोठेपणीच्या २३ बीएमआयशी जुळणारी जास्त वजनाची, आणि २७ शी जुळणारी लठ्ठपणाची. तुमचा मुलगा दुसऱ्या रेषेच्या वर आहे. कंबर भागिले उंची ०.५४ येते, ती ०.५ च्या आत हवी. तरी या वयात वजन घटवण्याची घाई नको. मूल वर्षाला ५-६ सेंटिमीटर वाढतं. वजन ४१ वरच थांबलं आणि उंची १३९ झाली, तर बीएमआय आपोआप २१.२ वर येतो. त्यामुळे ध्येय 'वजन थांबवणं' हेच ठेवा.

आता पोट. दोन-तीन दिवसांनी होणं, बेंबीभोवती दुखणं, दूध भरपूर आणि चोथा (फायबर) कमी, हे नेहमीचं बद्धकोष्ठ आहे. कित्येक मुलं शाळेतलं संडास टाळतात, दाबून धरतात, मग शौच मोठी आणि कडक होते, दुखते, म्हणून पुन्हा दाबून धरतात. चड्डीला डाग पडत असेल तर तो आळस किंवा घाणेरडी सवय समजून रागावू नका. आत साठलेल्या कडक मळाच्या बाजूनं पातळ मळ गळत असतो, मुलाच्या हातात ते नसतं. अशा भरलेल्या आतड्यात चोथा ओतला तर पुढे गाडी अडलेल्या रस्त्यावर मागून आणखी गाड्या सोडल्यासारखं होतं. पोट फुगतं, दुखणं वाढतं आणि घरचे म्हणतात, 'भाकरी सोसत नाही.' भाकरी सोसते, फक्त क्रम चुकलेला असतो.

म्हणून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते पोट तपासतील आणि बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर वजनाप्रमाणे देतील: आधी साठलेलं काढायला काही दिवस मोठी मात्रा, मग रोजची लहान मात्रा. ती पाणी धरून ठेवून मळ मऊ करते, तिची सवय लागत नाही. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, पोट दोन दिवस नीट झालं की औषध बंद. निदान दोन महिने चालू ठेवायचं असतं, आणि शेवटचा महिनाभर तक्रार नसेल तरच हळूहळू कमी करायचं. दुसरी, औषधाऐवजी प्रोबायोटिकचा सॅशे. मुलांच्या बद्धकोष्ठावर युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये एकत्र दिलेल्या मार्गदर्शनात प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक या दोन्हींची उपचार म्हणून शिफारस केलेली नाही. चोथ्याच्या पूरक पावडरींचीही नाही. वयाला साजेसा नेहमीचा चोथा जेवणातून मिळावा एवढंच म्हटलं आहे.

सकाळी आणि रात्री जेवणानंतर १५-२० मिनिटांनी मुलाला ५ ते १० मिनिटं शौचाला बसवा. जेवल्यावर मोठं आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. मोबाइल हातात नको. झालं नाही तरी कौतुक बसण्याचं करा.

आता शब्द नीट समजून घेऊ, कारण दुकानात यांची सरमिसळ असते. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात दिल्यावर आरोग्याला फायदा करतात असे जिवंत सूक्ष्मजीव. व्याख्येतला 'फायदा सिद्ध झालेला' हा भाग जाहिरातीत गळतो. प्रीबायोटिक म्हणजे आपण पचवू शकत नाही पण आतड्यातले ठरावीक जंतू वापरतात आणि त्यातून आपला फायदा होतो असा पदार्थ. ही कल्पना १९९५ मध्ये गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड यांनी मांडली. इन्युलिन, ऑलिगोफ्रुक्टोज ही तिची नेहमीची उदाहरणं. दोन्ही एकत्र असलं की सिनबायोटिक. आईच्या दुधातल्या ऑलिगोसॅकराइड्स या निसर्गानं दिलेल्या पहिल्या प्रीबायोटिक होत. बाळ त्या पचवत नाही, त्या बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरिया या जंतूंसाठी असतात.

चोथा मोठ्या आतड्यात पोचला की जंतू तो आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लं तयार होतात. ब्युटिरिक आम्ल मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. त्यावर अस्तर घट्ट राहतं. याच आम्लांमुळे आतड्याच्या काही पेशींतून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही 'पोट भरलं' सांगणारी संप्रेरकं सुटतात. लठ्ठपणाशी नातं इथे जुळतं. हल्ली 'तुपात ब्युटिरेट (म्हणजे हेच ब्युटिरिक आम्ल) असतं, म्हणून मुलाला तूप वाढवा' असा सल्ला फिरतो. तुपात ते असतं हे खरं, पण लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याच्या अस्तरासाठी ते जंतूंनीच बनवावं लागतं. बाफल्यांवरचं (बाट्यांवरचं) तूप सणावाराला आनंदानं खाऊ द्या, औषध म्हणून नको.

'लठ्ठपणाचे जंतू' ही कल्पना लोकप्रिय झाली ती २००६ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेतल्या कामानंतर. लठ्ठ उंदरांचे आतड्यातले जंतू निर्जंतुक उंदरांत घातले, तर त्यांची चरबी जास्त वाढली. काम खरं आणि मोठं आहे. पण तो निर्जंतुक वाढवलेला उंदीर होता, आणि माणसांत दोन जंतुसमूहांचं प्रमाण पाहून लठ्ठपणा ओळखता येईल ही आशा पुढे टिकली नाही. म्हणून मुलाची शौच पाठवून जंतूंचा रंगीत अहवाल मागवणाऱ्या महागड्या चाचण्या करू नका. त्यावरून उपचार ठरत नाही.

मुलांवर प्रोबायोटिकचे जे प्रयोग झाले ते लहान आहेत आणि निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. डेन्मार्कमध्ये ५० लठ्ठ किशोरांपैकी एका गटाला लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हॅरिअस या जंतूचा एक स्ट्रेन (उपप्रकार) १२ आठवडे दिला. चयापचयाच्या चाचण्यांत फरक पडला नाही. इटलीत यकृतावर चरबी चढलेल्या लठ्ठ मुलांना आठ स्ट्रेनचं मिश्रण ४ महिने दिल्यावर यकृत सुधारलं आणि बीएमआयही थोडा उतरला. त्याच मिश्रणाचा अमेरिकेत १६ आठवड्यांचा छोटा प्रयोग झाला तेव्हा, प्रोबायोटिक घेणाऱ्या मुलांची चरबी उलट वाढली. म्हणजे 'देऊन तर पाहू, नुकसान काय' हे म्हणणंही पूर्ण बरोबर नाही. जुलाबात किंवा अँटिबायोटिकसोबत दिले जाणारे बॅसिलस क्लॉसाय किंवा सॅकरोमायसिस बोलार्डी हे वेगळ्या कामाचे आहेत. मेडिकलमधून तुम्हाला मिळालं ते बहुधा यांपैकीच असावं. वजनासाठी त्यांना काही आधार नाही.

प्रीबायोटिकची बाजू जरा बरी आहे, पण इथेही दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहा. कॅनडात ७ ते १२ वर्षांच्या ४२ मुलांपैकी एका गटाला रोज ८ ग्रॅम ऑलिगोफ्रुक्टोजयुक्त इन्युलिन १६ आठवडे दिलं (निकाल २०१७ मध्ये आला). वयाप्रमाणे मोजलेलं वजन आणि शरीरातली चरबी या दोन्हींत थोडी घट झाली, बायफिडोबॅक्टेरिया वाढले. त्याआधी २०१४ मध्ये पोलंडमधल्या प्रयोगात ९७ मुलांपैकी एका गटाला १२ आठवडे ऑलिगोफ्रुक्टोज दिलं, लहानांना ८ आणि मोठ्यांना १५ ग्रॅम. वजनावर परिणाम दिसला नाही. माझं मत असं की इन्युलिन चोथ्याला पूरक म्हणून ठीक आहे, चोथ्याच्या जागी नाही. नूडल्स, सेव आणि दोन ग्लास गोड दूध तसंच ठेवून वर ८ ग्रॅम पावडर घातली, तर फक्त गॅस वाढेल.

तर जंतूंना काय खायला घालायचं? जेवणातला चोथा सगळाच व्याख्येतलं प्रीबायोटिक नसतो, पण आंबणारा बराच भाग आपल्या धान्य-कडधान्यांतूनच येतो. मुलांसाठी सोपा हिशोब असा: वय अधिक ५ हा किमान आकडा, म्हणजे ९ वर्षांच्या मुलाला निदान १४ ग्रॅम. आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) प्रमाण २००० कॅलरीला ३० ग्रॅम आहे, त्या हिशोबानं तो २५ च्या आसपास जायला हवा. तुम्ही लिहिलेल्या खाण्यात नूडल्स, बिस्किटं, परमल, चाळलेलं पीठ आणि बटाटा हेच मुख्य आहे. किमान आकडा कसाबसा गाठला जात असेल, आणि त्यातही आंबणारा भाग थोडाच.

१०० ग्रॅम कच्च्या धान्यातला चोथा: पॉलिश तांदूळ आणि मैदा ३ ग्रॅमच्या आत, पोहे साडेतीन, ज्वारी १०, गव्हाचं न चाळलेलं पीठ, बाजरी आणि नाचणी ११ च्या आसपास, अख्खे मूग १७, काळे हरभरे २५. म्हणजे ५० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी ५ ग्रॅम देते, ३० ग्रॅम कोरड्या मुगांची उसळ ५ ग्रॅम, तेवढ्याच काळ्या चण्यांची ७ ग्रॅम. मध्यम पेरू बियांसकट खाल्ला तर ६ ते १० ग्रॅम. पीठ चाळणं थांबवलंत तर काही न बदलता फायदा होतो. चाळणीत राहणारा कोंडा टाकून मग दुकानातून 'फायबर' विकत आणण्यात अर्थ नाही.

कांदा आणि लसणात फ्रुक्टन असतात, म्हणजे पावडरीतल्या इन्युलिनचंच घराणं. मंदसौर-नीमचचा लसूण माळव्यातल्या प्रत्येक घरात आहेच. २-३ पाकळ्यांतून जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम मिळतो, पण रोज मिळतो. अर्ध्या मध्यम कांद्यातून १ ते २ ग्रॅम. शिजवल्यानं फ्रुक्टन बऱ्याच अंशी टिकतात, त्यामुळे कच्चाच खायला हवा असं नाही. डाळी-कडधान्यांत रॅफिनोज कुळातल्या शर्करा असतात. गॅस त्यांचाच, आणि जंतूंचं खाणंही त्याच. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे कडधान्य ८ ते १२ तास भिजवून ते पाणी फेका, मोड आणा, नीट शिजवा. पोट सरावलं की भिजवल्याचं पाणी वापरलं तरी चालेल. 'वातूळ' म्हणून मटकी-चण्याला कायमचं बाद करू नका.

शिजवून थंड केलेल्या भातात न पचणारा स्टार्च थोडा वाढतो. फार नाही, पण दहीभातासाठी कारण पुरेसं आहे. फक्त इंदूरच्या मे महिन्यात भात ओट्यावर सोडू नका. शिजल्यावर तास-दोन तासांत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. बॅसिलस सेरिअस हा जंतू अशाच भातात वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. किंचित हिरवट केळं असंच खाल्लं तर त्यातही असा स्टार्च असतो. कच्च्या केळ्याची भाजी शिजवल्यावर तो बराचसा जातो. इसबगोल पाणी धरून मळ मऊ करतं, पण जंतू ते फारसं आंबवत नाहीत, म्हणून त्याला प्रीबायोटिक म्हणू नका. द्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून आणि भरपूर पाण्यासोबत. कोरडं तोंडात टाकलं तर घशात अडकतं.

आता दही. घरच्या दह्यात जिवंत जंतू भरपूर असतात, पण कोणता स्ट्रेन किती हे ठाऊक नसतं, म्हणून काटेकोर अर्थानं ते प्रोबायोटिक औषध नाही. अन्न म्हणून मात्र उत्तम. दूध उकळून बोट सहन करेल इतकं कोमट होऊ द्या, साधारण ४० अंश. अर्ध्या लिटरला एक चहाचा चमचा विरजण पुरतं. इंदूरच्या उन्हाळ्यात ४-५ तासांत लागतं, जानेवारीत रात्रभर आणि वर तासभर. दूध जास्त गरम असताना विरजण घातलं तर जंतू मरतात आणि दही पाणीदार होतं. लागल्यावर लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर आंबट होऊन मूल साखर मागतं. तार सुटायला लागली तर विरजण बदला. गुलाबी-नारिंगी डाग दिसला तर सगळं फेका.

कढी हे जिवंत दही नाही, उकळल्यावर जंतू उरत नाहीत. इडली, ढोकळा यांचंही तेच: आंबवल्यामुळे पचायला हलके, पण वाफेनंतर जंतू मेलेले. तेलातल्या लोणच्यात प्रोबायोटिक शोधू नका, त्यात मीठ मात्र नक्की असतं. श्रीखंडात जंतूंपेक्षा साखर जास्त. छोट्या बाटलीतल्या गोड प्रोबायोटिक पेयात जंतू असतात, पण घेण्याआधी लेबलवरची साखर वाचा. इंदुरी शिकंजी हे घट्ट गोड दुधाचं पेय आहे, नावावर जाऊन लिंबूपाणी समजून देऊ नका.

आपल्याकडचं सगळ्यात चांगलं सिनबायोटिक दुकानात नाही. दह्यातली कांदा-काकडीची कोशिंबीर: जिवंत जंतू आणि त्यांचं खाणं एकाच वाटीत. फोडणी जरा निवल्यावर घाला, मीठ वाढताना. सासूबाईंचं दही याच वाटीत जाऊ द्या, साखर घालून नको.

दूध, दही, ताक मिळून दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर पुरे. म्हशीचं अर्धा लिटर दूध म्हणजे ५०० च्या वर कॅलरी, आणि चॉकलेट पावडर वेगळी. टोन्ड दूध घ्या, एकच कप, पावडरीशिवाय. रात्रीचा ग्लास बंद करून दुपारी जिरं-सैंधवाचं ताक द्या. पावडर एकदम तोडली तर मूल दूधच सोडेल. दर चार दिवसांनी अर्धा चमचा कमी करा.

वाढवायचं कसं? पोट मोकळं झाल्यावर पहिल्या आठवड्यात फक्त न चाळलेलं पीठ आणि रोज एक फळ, रस नाही. दुसऱ्या आठवड्यात एका जेवणात मोडाच्या मुगाची उसळ, सुरुवात दोन मोठे चमचे शिजलेल्या उसळीपासून. तिसऱ्यात रात्रीच्या एका पोळीऐवजी ज्वारीची छोटी भाकरी. चौथ्यात डब्यातले नूडल्स आठवड्यातून एकदाच, बाकी दिवस मूगडाळीचं धिरडं, भाजी भरून पोळीचा रोल, किंवा पावसाळ्यात कमी तेलात केलेला घरचा भुट्ट्याचा कीस. आठवड्याला ३ ते ५ ग्रॅमपेक्षा जास्त चोथा वाढवू नका. कुरकुर झाली तर मागे जाऊ नका, त्याच पायरीवर आणखी चार दिवस थांबा. पाणी २०० मिलिलिटरचे ६-७ ग्लास, उन्हाळ्यात आणखी दोन. चोथा वाढवून पाणी तेवढंच ठेवलं की पोट पुन्हा घट्ट होतं. शाळेत बाटली भरलेली जाते आणि भरलेलीच परत येते का, ते रोज बघा.

पोहे बंद करायला मी सांगणार नाही, इंदूरमध्ये ते कुणी ऐकणारही नाही आणि गरजही नाही. उसळ-पोहे करा: पोहे कमी, वर मटकीची उसळ, कांदा, जीरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला), लिंबू. सेव ही बेसनाची असली तरी तळलेली आहे. ३० ग्रॅम म्हणजे १६० च्या आसपास कॅलरी, म्हणून एक चमचा वरून, वाटीभर नाही. जिलबी महिन्यातून एकदा, सगळ्यांनी मिळून. घरातल्या बाकीच्यांच्या ताटात सेव-कचोरी आणि याच्या ताटात भाकरी असं ठेवलंत तर पंधरा दिवसही टिकणार नाही. संध्याकाळच्या परमलमध्ये सेवेऐवजी उकडलेले चणे, कांदा, टोमॅटो घाला. भेळ तीच राहते.

आठ आठवडे हे नीट चाललं, पोट रोज साफ होतंय, आणि तरीही पावडर द्यायची इच्छा असेल, तर चिकोरी इन्युलिन डॉक्टरांना सांगून सुरू करता येईल. पहिला आठवडा २ ग्रॅम, मग दर आठवड्याला २ वाढवत जास्तीत जास्त ८. चमच्याच्या मापावर विसंबू नका, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मोजा. पावडर हलकी असते आणि 'एक चमचा' प्रत्येकाच्या हातात वेगळा पडतो. ताकात किंवा वरणात विरघळते. १२ ते १६ आठवड्यांत फरक दिसला नाही तर बंद करा. पोट सतत फुगणारं, दुखणारं मूल असेल तर फ्रुक्टननीच त्रास वाढतो, तिथे हट्ट नको.

प्रोबायोटिक कधी घ्यायचंच झालं, उदाहरणार्थ डॉक्टरांनी अँटिबायोटिकसोबत दिलं, तर लेबलवर प्रजातीच्या नावापुढे स्ट्रेनचा क्रमांक आहे का पाहा. संख्या 'बनवताना' किती ते नको, मुदत संपेपर्यंत किती ते हवं. 'थंड जागी ठेवा' लिहिलेला सॅशे दुकानात उन्हात पडलेला असेल तर घेऊ नका. गरम दुधात घालू नका. जिवाणूंचं प्रोबायोटिक आणि अँटिबायोटिक यांत दोन तासांचं अंतर ठेवा. बोलार्डी हे यीस्ट असल्यानं अँटिबायोटिकनं मरत नाही, पण बुरशीविरोधी औषधासोबत देऊ नका. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या, मोठ्या शिरेत नळी असलेल्या किंवा खूप आजारी मुलाला जिवंत जंतू स्वतःहून कधीही देऊ नका. रक्तात संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत. दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर सॅशेतले घटक वाचा. आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. आतड्यातल्या जंतूंना त्याहून मोठा धक्का घरात दुसरा नाही.

मोजमाप वहीत ठेवा. शौच रोज झाली का आणि कशी: कडक गोळ्या, भेगाळलेली लांब, मऊ लांब, की पातळ. मधल्या दोन प्रकारांत राहिली की चोथा आणि पाणी बरोबर आहे. वजन पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर, सकाळी. उंची आणि कंबर तीन महिन्यांनी. रोज वजन करू नका आणि आकडा पाहुण्यांसमोर बोलू नका. 'जाड्या' हे लाडानं म्हटलेलंही लागतं, आणि अशी मुलं लपून खायला लागतात. रोज तासभर घाम येईल असं खेळणं आणि ९ ते १२ तास झोप यांशिवाय वरचं सगळं अर्धं राहतं.

काही गोष्टी दिसल्या तर आहाराची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. मानेच्या मागे किंवा काखेत मखमलीसारखा काळा थर हा मळ नसतो, घासून जाणार नाही. तो इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण आहे. वजन वाढतंय पण उंची थांबली असेल तर थायरॉइड आणि इतर संप्रेरकांची तपासणी हवी. रात्री घोरणं आणि श्वास अडकणं, फार तहान आणि लघवी, मांडीचा सांधा किंवा गुडघा दुखून लंगडणं, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी. हे काहीच नसलं तरी या बीएमआयला एकदा उपाशीपोटीची साखर, एसजीपीटी (यकृताची चाचणी) आणि लिपिड (रक्तातली चरबी) पाहून घ्यावेत. यकृतावरची चरबी मुलांत बराच काळ काहीही न दुखता वाढते.

बारा आठवड्यांनी वही उघडा. वजन ४१-४२ वर थांबलं असेल, कंबर वाढली नसेल आणि पोट रोज साफ होत असेल, तर बदल बरोबर चालू आहे, काहीही नवीन घालू नका आणि बद्धकोष्ठाचं औषध डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. वजन दोन किलोंहून जास्त वाढलं असेल तर आधी दूध, सेव आणि शाळेच्या वाटेवरचं खाणं पुन्हा मोजा. आणि औषध कमी करताना पोट पुन्हा दोन दिवस थांबलं, तर मात्रा लगेच आधीच्या पायरीवर न्या; दुसऱ्यांदा साठायला आठवडाभरही लागत नाही.